अळ्या पडल्या, दाढ राहिली

माझ्या खालच्या ओठाची उजवी बाजू झोपलेली आहे. चहा गरम की गार हे मला डाव्या बाजूने कळतं. जेवताना हनुवटीवर शीत राहिलं तर समोरच्याने खूण करावी लागते. बाकी मी धडधाकट आहे. राबतो, दोन वेळा जेवतो. एवढ्याशा ओठाचं काय घेऊन बसलास, असं कोणी म्हणेल. पण मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारा माणूस होतो, आणि क्लॅरोनेटचं सगळं खालच्या ओठावर चालतं. ओठ खालच्या दातांवर दुमडायचा, त्याच्यावर वाद्याची पात टेकवायची, आणि पात किती थरथरते ते आधी ओठाने ऐकायचं. कानाचं काम नंतर.

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत झालं. लिहायची सवय नाही. पण दवाखान्यातून निघताना डॉक्टरसाहेब म्हणाले होते, "तुझ्यासारखे अजून येतील. त्यांना तू सांग, माझं ऐकत नाहीत." तोंडी पुष्कळांना सांगितलं. जे भेटणार नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो. दाढ ठणकत असेल तर वाचा, आणि वाचून झाल्यावर घरी बसू नका.

सुपारी घेतली की दुखणं नाही

माझं गाव राजापूरच्या बाजूला, खाडीकाठी. आमच्या घराकडे देवळात सनई वाजवायचं काम. सनई दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. मी शाळा सोडून त्याच्या शेजारी बसलो तो नुसता सूर धरायला. सूर धरणाऱ्याने एकच स्वर फुंकत राहायचं, गाणं दुसऱ्याने वाजवायचं. मला गाणं वाजवायचं होतं. कोल्हापुरात एका लग्नात बँड पाहिला, त्यातला क्लॅरोनेटवाला सगळ्यांच्या पुढे चालत होता. तेव्हापासून डोक्यात तेच. हिंडत हिंडत बारामतीला सखाराम मास्तरांच्या बँडमध्ये येऊन पडलो. मास्तरांनी शिकवलं, आणि पन्नास सालानंतर दोन-तीन हंगामांत मी त्यांचा पहिला क्लॅरोनेटवाला झालो.

आम्ही परगावचे वाजंत्री मास्तरांच्याच मागच्या खोलीत राहायचो. जेवण मास्तरांच्या मंडळींच्या हातचं. त्यांना सगळे आक्का म्हणत. माझा सोबती दगडू, पणदऱ्याचा, मोठा ढोल वाजवायचा. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

दगडूनेच मला उसाचं कांडं दाढेने सोलायला शिकवलं. आमच्याकडे ऊस कुठला! इथे कालव्याच्या पाण्यावर चहूकडे ऊस. मी हौसेने सोलायचो. एके दिवशी सोलताना उजवीकडची अगदी मागची दाढ कच्चकन वाजली आणि तिचा एक तुकडा उसाच्या चोथ्याबरोबर बाहेर पडला. ही अक्कलदाढ. ती आधीच कललेली होती, अर्धी हिरडीखाली होती, आतून किडलेली होती. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की जिभेला खड्डा लागतो.

"कोकण्या, अक्कल फुटली का रं?" दगडू म्हणाला. "म्हंजी हुती म्हनायची!"

मीही हसलो.

मग ठणका सुरू झाला. नेमकी लग्नसराई. लग्नघरचा यजमान यायचा, मास्तरांच्या हातावर नारळ-सुपारी ठेवायचा. मास्तरांनी सुपारी घेतली की ते लग्न आमचं, आणि मग कोणाच्या घरी काही झालं तरी उभं राहायचं. मास्तरांचं बोलणं ठरलेलं: "सुपारी घेतली की दुखणं न्हाई." एका वर्षी त्यांनी स्वतः अंगात ताप असताना हातात छडी घेऊन सगळी मिरवणूक चालवली होती. त्यामुळे मला ते बोलणं जाचक वाटलं नाही. उलट अभिमान वाटायचा. मी दाढेत लवंग धरायचो, तंबाखूची चिमूट धरायचो. क्लॅरोनेटचं तोंड जरा डावीकडे सरकवून वाजवायचो. कोणाला सांगितलं नाही. मी परका माणूस. माझ्या जागेवर दुसरा उभा राहिला आणि बरा वाजवला तर? झोपेतसुद्धा हीच धास्ती.

पणदऱ्याची धुरी

गाल सुजला तेव्हा लपवता आलं नाही.

"गालात लाडू लपवलायस व्हय?" दगडू म्हणाला. मग जवळ येऊन पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "मास्तर, ह्याला पणदऱ्याला न्हेतो. आमची चुलत आजी हाय तितं. दातातलं किडं पाडती."

"वरकुट्याचं लगीन तोंडावर आलंय," मास्तर म्हणाले. "जा, पर बिगीबिगी या."

दगडूची आजी गोठ्याच्या सावलीत बसली होती. तिने परातीत पाणी घेतलं. मध्ये दगड, दगडावर चुलीत लाल केलेलं कुऱ्हाडीचं पातं. त्यावर तेलात भिजवलेलं भुईरिंगणीचं बी टाकलं आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं वर उपडं घातलं. भोकात भोपळ्याचा पोकळ देठ खोवला. देठाचं दुसरं टोक माझ्या तोंडात, फुटक्या दाढेशी.

"वढ बाळा, वढ. समदा धूर दाढंला लागू दे."

ओढण्यात मी कोणाला हार जाणार? फुंकण्यावर पोट भरणारा माणूस. डोळ्यांतून पाणी काढत मी ओढत राहिलो.

"असा वढनारा मानूस न्हाई बघितला म्या," म्हातारी कौतुकाने म्हणाली.

मग तिने मडकं उचललं. परातीतल्या पाण्यावर पांढऱ्या, बारीक, वळलेल्या अळ्या तरंगत होत्या. पुष्कळ होत्या. मला शिसारी आली आणि त्याच वेळी जीव हलका झाला. एवढी घाण माझ्या दाढेत होती, ती आता बाहेर पडली, मी डोळ्यांनी पाहिली. धुराने हिरडी बधिर झाली होती, त्यामुळे ठणकाही थांबलेला. मी म्हातारीच्या पाया पडलो. तिने काही घेतलं नाही. वर मला ताक पाजलं.

त्या म्हातारीबद्दल माझ्या मनात आजही वाकडं नाही. तिच्या सासूने तिला शिकवलं, तिने जन्मभर केलं, आणि अळ्या तिलाही दिसत होत्या. वाईट याचं वाटतं की त्या अळ्यांमुळे पुढचा ठणका मी खोटा मानला. किडे तर पडले, आता राहिली ती नुसती जखम, भरेल हळूहळू, असं मी स्वतःला सांगितलं. मास्तरांना सांगितलं, "बरं वाटतंय." ते खूश झाले.

आक्कांनी मात्र माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "बरं वाटतंय, तर भाकरी का चुरून खातूयास?"

"सवय लागली," मी म्हणालो.

वरकुट्याचं लग्न

वरकुटे इंदापूर तालुक्यात. लग्न गोरज मुहूर्तावर. दुपारी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला आणि आम्ही पुढे. ऊन मी म्हणत होतं. प्रत्येक फुंकेबरोबर कानापासून गळ्यापर्यंत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. सूज पुन्हा आली होती. सकाळी मिठाची गरम पुरचुंडी करून बाहेरून गाल शेकला होता. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. डॉक्टरसाहेब पुढे म्हणाले की बाहेरून शेकल्यामुळे आतला पू पसरून जबड्याखाली वाट शोधायला लागला. ही दुसरी चूक. हे नीट लक्षात ठेवा.

तरी त्या दुपारी मी वाजवलं. कसं वाजवलं? चांगलं वाजवलं. मुलीचा बाप, परसात भाजीपाला पिकवणारा साधा माणूस, पुढे येऊन म्हणाला, "वाजिवनाऱ्या, पोरीचं लगीन नावाजलं तुज्यामुळं." तेच माझं शेवटचं वाजवणं. हे तेव्हा माहीत असतं तर एखादं गाणं जास्त वाजवलं असतं.

सकाळी उठलो तर तोंड उघडेना.

जबडा जागच्या जागी धरलेला. दातांच्या फटीत करंगळीसुद्धा जाईना. अंग तापलेलं. लग्नघरच्या बायका लांबूनच कुजबुजायला लागल्या. एकीने शब्द उच्चारला, "धनुर्वात." त्या शब्दासरशी अंगण रिकामं झालं. गावाकडे आमच्या शेजारचा एकजण धनुर्वाताने गेला होता. त्याचं कमानीसारखं वाकलेलं अंग मी पाहिलं होतं. मी तिथेच भिंतीला टेकून पाठ वाकते का ते बघत बसलो. मला मरणाची भीती वाटली. आई इतक्या लांब आणि तिला काहीच ठाऊक नाही.

मास्तरांनी बैलगाडी मागवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इंदापूरच्या सडकेपर्यंत गाडी आणि पुढे मोटार. वाटेत दगडू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि बडबडत होता. "कोकण्या, आता कसा गप बसलायस! इतकी वर्सं मलाच म्हनायचास, जरा तोंड मिट." बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी माझ्या कपाळावर पडत होतं.

"हा धनुर्वात नाही"

बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी माझी पाठ पाहिली, पोट चाचपलं, पाय हलवले. मग जबड्याखाली बोट दाबलं. मी बंद तोंडातून किंचाळलो.

"हा धनुर्वात नाही," ते म्हणाले. "अक्कलदाढ सडलीय, पू गळ्याकडे निघालाय. त्याने जबडा धरलाय. किती दिवस दुखतंय?"

मास्तरांनी उत्तर दिलं, "दुखायचं थांबलं हुतं साहेब. किडं पाडलं की."

साहेबांनी सगळी हकीकत ऐकली. रागावले नाहीत. थकल्यासारखे खुर्चीत बसले. "अहो, त्या अळ्या नव्हेत. बी तापून फुटतं, त्यातले कोंब पाण्यात पडतात. तोंडात एकही दात नसलेल्या माणसाला धुरी द्या, तरी पडतील."

दगडूला ते पटलं नाही. "शिकल्याली मान्सं कायबी सांगत्यात," असं पुटपुटत तो गेला. दुसऱ्या दिवशी आला तो माझ्या खाटेशी खाली मान घालून बसला. पणदऱ्याला जाऊन त्याने आजीकडून सगळी मांडामांड करून घेतली होती. फक्त भोपळ्याच्या देठाला कोणाचंच तोंड लावलं नव्हतं.

"पडल्या," तो म्हणाला. "तितक्याच पडल्या. आजी येड्यावानी परातीकडं बघत बसली. म्हनली, मग मी जल्मभर काय केलं रं?"

त्याच्याकडे त्या दिवशी चेष्टा नव्हती. माझ्याकडे तर बोलायला तोंडच नव्हतं.

खाट

साहेबांनी जबड्याखाली बाहेरून चीर देऊन पू काढला. तो वण अजून आहे. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. पहाट असो, दुपार असो, नर्सबाईंच्या पायांचा आवाज आला की मी आपोआप कुशीवर वळायचो. चिरेत कापडाची पट्टी कोंबलेली. ती बदलताना मी खाटेची लोखंडी दांडी धरायचो.

लाज याची वाटायची की इतकी माणसं माझ्यासाठी राबत होती आणि मी त्यांचा कोण? आक्का रोज यायच्या. शेवटच्या दाढेमागे जी फट राहते तिथून दूध, डाळीचं पाणी सोडायच्या. एकदा मी नर्सबाईंनी दिलेल्या पाटीवर लिहिलं: पेज. त्या मुलखात सगळी ज्वारी, पेज आक्कांना माहीत नव्हती. त्यांनी आंबील केली, आंबट. मी मान हलवली. मग दगडूला विचारून, मला विचारून, तांदूळ मिळवून, शेवटी एक दिवस त्यांनी साध्या भाताची पातळ पेज आणली, वर मीठ. पहिला घोट गेला आणि मी लहान पोरासारखा रडलो.

"खारट झाली व्हय?" त्या घाबरून म्हणाल्या.

दुखण्यात असं कोणी भेटलं तर त्यांना तेव्हाच सांगून टाका की मी तुमचा आहे. मी सांगायचं लांबवलं, आणि आक्का पुढच्याच थंडीत गेल्या.

दादा

मास्तरांनी तार केली होती. दादा आला. घाट ओलांडून, गाड्या बदलत, अंगावर धूळ. मला पाहिलं आणि दारातच थांबला.

"मेल्या, काय हे करून घेतलंस?" एवढंच तो मला म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "तुमच्या सुपारीने खाल्लं माझ्या भावाला. दुखतंय हे दिसत नव्हतं तुम्हाला? तो तुमच्या घरात जेवत होता ना?"

आक्का काही बोलणार होत्या. मास्तरांनी हात वर केला.

"व्हय," ते म्हणाले. "खाल्लं."

मला पडल्या पडल्या वाटत होतं की ओरडून सांगावं, मीच लपवलं, मीच बरं वाटतंय म्हटलं. जबडा उघडत नव्हता. पाटी हाताशी होती. मी लिहिलं नाही. दादा माझ्या बाजूने भांडत होता, आणि घरचं माणूस भांडताना ऐकणं मला बरं वाटत होतं. आज ते आठवलं की मास्तरांची मान खाली गेलेली दिसते.

सूज ओसरल्यावर पुण्याहून बाजाराच्या दिवशी येणारे दातांचे डॉक्टर मला पाहायला आले. लाकडी पाचर दातांत सरकवून सरकवून त्यांनी तोंड थोडं उघडून घेतलं. मग स्पष्ट सांगितलं. दाढेची मुळं आत वाकलेली आहेत, ओठाला जाग देणारी शीर त्यांना चिकटून जाते. दाढ ठेवली तर पू पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी गळा धरला तर श्वास बंद होईल. दाढ काढली तर जीव वाचेल, पण ओठ बधिर होऊ शकतो. काही महिन्यांत जागा होईल, किंवा होणार नाही.

"शीर वाचवता येणार नाही?" मी कसंबसं विचारलं.

"वाचवीन तेवढी वाचवीन. दाढ अखंड होती, पू नव्हता, तेव्हा आला असतास तर सोपं काम होतं."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. ते माझ्यात रुतून बसलं आहे.

मी विचारलं, "लग्नसराई संपेपर्यंत थांबता येईल का?"

दादा माझ्याजवळ बसला, आणि त्याने जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाला. "गणू, तू माझ्यापेक्षा चांगला वाजवतोस. मला तेव्हाच माहीत होतं, म्हणून तुला सूर धरायला ठेवलं. पण आता ओठ गेला तर जाऊ दे. आईला मी काय सांगू?"

मी मान डोलावली.

छिन्नी

तपशील सांगून कोणाला घाबरवत नाही. बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर दुखत नाही, खरंच नाही. फक्त छिन्नीचे ठोके डोक्यात घुमतात. दाढ तुकड्या-तुकड्यांनी निघाली. माझ्या एका हाताला दादा होता, दुसऱ्याला मास्तर. मी दोघांचे हात सारखेच आवळले.

संध्याकाळी बधिरपणा उतरायला लागला. जीभ आली, गाल आला. ओठाची मी वाट पाहत राहिलो. सकाळी आक्कांनी दूध पाजलं आणि पदराने माझी हनुवटी पुसली. दूध ओघळलं होतं, हे मला त्यांच्या पदरामुळे कळलं.

दादा म्हणाला, "घरी चल." मी म्हणालो, "ओठ जागा होऊ दे, मग येतो." रिकाम्या तोंडाने देवळात जाऊन बसायचं धैर्य नव्हतं. तो एकटा गेला. मोटार सुटताना मास्तरांनी त्याच्या हातात वाटेसाठी भाकरी बांधून दिली. त्याने ती घेतली. दोघांत तेवढंच झालं.

वाट

त्या दिवसापासून रोज सकाळी ओठावर गार पाण्याचा हबका मारायचो आणि काही कळतं का बघायचो. कधी मुंग्या आल्यासारख्या वाटायच्या. मी धावत मास्तरांना सांगायचो. ते म्हणायचे, "येईल. घाई करू नगं." दुसरा क्लॅरोनेटवाला त्यांनी आणला, पण त्याला सांगून आणला की गणपत बरा होईपर्यंत.

पुढची लग्नसराई आली तेव्हा मास्तरांनी सगळ्यांसमोर क्लॅरोनेट माझ्या हातात दिलं. बोटं काही विसरली नव्हती. ओठ दुमडला, पात टेकवली. डाव्या बाजूला पात होती, उजव्या बाजूला काहीच नव्हतं. फुंकलं. आवाज आला, चिरका, फाटलेला, आणि उजव्या कोपऱ्यातून वारा फुसफुसत बाहेर जात होता. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं. सदऱ्यावर थेंब पडलेले दिसले तेव्हा लाळ गळते हे कळलं.

दगडू जवळच उभा होता. त्याने पटक्याच्या टोकाने माझी हनुवटी पुसली.

मास्तरांनी मला झांज दिली. जागा दिली, जेवण दिलं, माणसांत ठेवलं. दुसऱ्या कोणी ठेवलं नसतं. हे उपकार मी विसरत नाही. पण खोटं कशाला लिहू? झांज वाजवताना अजूनही बोटं भोकं शोधतात.

तेव्हा एवढंच सांगतो. धुरी घेऊ नका. बाहेरून शेकू नका. ठणका आपोआप थांबला तर बरं झालं असं समजू नका. आणि कामाच्या माणसाने तर दुखणं लपवूच नये, कारण ज्या कामासाठी लपवतो तेच आधी जातं.

मागल्या वर्षी निमगावच्या बाजूला एका लग्नात एक बागायतदार गाल धरून बसलेला दिसला. बायको म्हणत होती, पणदऱ्याला जाऊन किडं पाडून आणूया. मी झांज खाली ठेवली, त्यांच्यापुढे बसलो आणि माझ्या ओठाला नखाने जोरात चिमटा काढला. रक्त आलं. बाई किंचाळली. मी म्हटलं, "बघा, मला काही कळलं न्हाई. उद्या दवाखान्यात जावा." ते गेले. दाढ अखंड निघाली.

यंदा तो माणूस नारळ-सुपारी घेऊन मास्तरांच्या दारी आला. मुलीचं लग्न. मेलेल्या ओठाने क्लॅरोनेट वाजत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला बघून हात जोडले आणि मास्तरांना म्हणाला, "एकच मागनं हाय. क्लॅरोनेट ह्येंनी वाजवायचं. वरकुट्याला ऐकलं हुतं म्या."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सुपारी त्यांच्या तळहातावर तशीच होती, मूठ मिटलेली नव्हती.

"झांज वाजवीन," मी म्हणालो.